अमेरिकेच्या यादवी युद्धावर लिहिताना या चुका टाळा

मराठीत या लढाईला आपण यादवी युद्ध म्हणतो. शब्द रुळलेला आहे, तो बदला असं मी म्हणणार नाही. पण यादवी म्हटलं की डोळ्यांपुढे प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीत एकमेकांवर तुटून पडलेले यादव येतात. सगळे भाऊबंद, आणि भांडण नेमकं कशावरून हे कुणालाच धड सांगता येत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत संघराज्यातून फुटलेली दक्षिणेची गुलामीची राज्यं उत्तरेशी लढली, तेव्हा तसं घडलं नाही. भांडण कशावरून, हे ते उकरून काढणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. शिवाय नुसतं भावाभावांचं चित्र रंगवलं की १८६० च्या जनगणनेत मोजलेली ३९ लाख ५३ हजार गुलाम माणसं त्यातून गळून पडतात. मी इतिहास शिकवते. वह्या तपासताना दरवर्षी भेटणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ या गळतीत आहे.

‘युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं’

असं वाक्य हाताखालून गेलं की थांबा आणि विचारा, हक्क कसला? साऊथ कॅरोलिना २० डिसेंबर १८६० रोजी संघराज्यातून फुटलं आणि चारच दिवसांत त्याने आपली कारणं जाहीर केली. मुख्य तक्रार अशी की उत्तरेची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, उलट त्याच्या आड येणारे कायदे करतात. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला, हेच दक्षिणेला खुपत होतं. मिसिसिपीने तर निवेदनाच्या सुरुवातीलाच आपली बाजू गुलामीच्या संस्थेशी एकरूप असल्याचं सांगितलं. फुटलेल्या राज्यांनी स्थापलेल्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना इथे म्हणाले की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला आहे. यापुढे आणखी काय पुरावा हवा?

युद्धाला आयात मालावरच्या जकातीचं कारण देणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. वाढीव जकातीचा कायदा मार्च १८६१ मध्ये झाला. तोवर सात राज्यं फुटून गेली होती.

लिंकनचं वाक्य तारखेशिवाय वापरणं

काही वह्यांत राष्ट्राध्यक्ष लिंकन देवदूत असतो, काहींत त्याला गुलामीशी काही देणंघेणं नसतं. दुसऱ्या मताचे लोक हमखास त्याचं २२ ऑगस्ट १८६२ चं पत्र पुढे करतात: एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर तसं करीन. पत्र खरं आहे. पण त्याच्या महिनाभर आधी, २२ जुलैला, त्याने मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. तो बाहेर काढण्यासाठी लिंकन उत्तरेने युद्धात बाजी मारल्याच्या बातमीची वाट पाहत होता. सप्टेंबरात अँटिएटमच्या लढाईत दक्षिणेचं सैन्य मागे हटलं आणि जाहीरनामा बाहेर आला. म्हणून उताऱ्याशेजारी तारीख लिहायची सवय लावा, निम्मा घोळ तिथेच मिटतो.

जाहीरनामा लागू झाला त्या १ जानेवारी १८६३ ला सगळे गुलाम सुटले, असंही लिहू नका. जाहीरनामा बंडखोर मुलखापुरता होता. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझुरी ही गुलामीची राज्यं संघराज्यातच राहिली होती, त्यांना तो लागू नव्हता. देशभर गुलामी संपवली ती डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने. तिच्यातही गुन्ह्याच्या शिक्षेपुरती सक्तमजुरीची वाट उघडीच ठेवली.

‘गुलामांना मुक्ती मिळाली’

या वाक्यातलं ‘मिळाली’ मला सगळ्यात जास्त टोचतं. जणू ही माणसं हात जोडून बसली होती आणि कुणीतरी त्यांच्या पदरात दान टाकलं.

२३ मे १८६१ ची रात्र घ्या. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलेले फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे होडीतून निसटले आणि पाणी ओलांडून उत्तरेच्या ताब्यातल्या मन्रो किल्ल्यावर पोचले. कायदा त्यांच्या विरोधात होता, पळालेला गुलाम मालकाला परत द्यावाच लागे. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन त्यांना मागायला आलासुद्धा. किल्ल्यावरचा सेनापती बेंजामिन बटलर मूळचा वकील. त्याचं म्हणणं असं की व्हर्जिनिया आता परका देश असल्याचं तुम्हीच सांगता, मग आमचा कायदा तुमच्या कामाचा नाही. त्याने तिघांना ठेवून घेतलं, पण शत्रूचा जप्त माल म्हणून. माणसाला माल म्हणणं सुटलं नव्हतं, तरी दार किलकिलं झालं. जुलै संपेपर्यंत किल्ल्यावर सुमारे ९०० जण येऊन थडकले होते, त्यांत बायका-मुलंही होती. वॉशिंग्टनमधल्या सरकारने धोरण ठरवलं ते या लोकांच्या पावलांमागून.

पुढे सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १०, आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापलेले. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने, म्हणजे काळ्या शिपायांच्याच एका तुकडीने, असा अर्धामुर्धा पगार घ्यायलाच नकार दिला. १८ जुलै १८६३ ला दक्षिणेच्या वॅग्नर किल्ल्यावर चाल करताना तिची माणसं पडली, तरी पूर्ण पगाराचा कायदा व्हायला जून १८६४ उजाडला. उत्तर म्हणजे समतेचं माहेरघर, असं लिहिण्याआधी हे आठवा. त्याच जुलैत न्यूयॉर्कमध्ये लष्करभरतीविरुद्ध दंगल उसळली आणि जमावाने काळ्या रहिवाशांना ठार मारलं, हेही आठवा.

मुंबईचा कापूस, आणि तेवढंच

आपल्याकडचे लेख इथे फार रमतात. दक्षिणेची बंदरं अडवली गेली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, बँका आणि समुद्रात भर घालून जमीन करणाऱ्या कंपन्या उगवल्या, १८६५ मध्ये सगळं कोसळलं. हे खरंच आहे. पण लँकेशायरला आधी जाणारा कापूस कोण वेचत होतं, एवढं एक वाक्य त्यात घाला.

पुण्यात जोतीराव फुल्यांनी ते ओळखलं होतं. १८७३ च्या ‘गुलामगिरी’चं नाव आमची मुलं बिनचूक लिहितात, अर्पणपत्रिका मात्र न वाचताच उलटतात. ती युनायटेड स्टेट्समधल्या सज्जनांना आहे. निग्रो गुलामांसाठी त्यांनी केलेल्या त्यागाचा कित्ता माझ्या देशबांधवांनी शूद्र भावंडांच्या मुक्तीसाठी गिरवावा, अशी इच्छा जोतीरावांनी तिथे लिहून ठेवली आहे.