‘डेप्थ’ आणि ‘ड्राफ्ट’ एक नव्हेत! जहाजाच्या मापांत या चुका टाळा

नेरूळला मी मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणाऱ्या मुलांचे वर्ग घेतो. त्याआधी बरीच वर्षं ड्राफ्ट सर्व्हे केले, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडलंय हे वाचून त्यावरच्या मालाचं वजन काढलं. दर बॅचला त्याच चुका दिसतात, आणि जवळजवळ सगळ्या एकाच सवयीतून येतात: माप कुठून कुठपर्यंत घेतलंय हे न बघता आकडा उचलायचा.

सगळ्यात जास्त घोळ ‘खोली’ या शब्दाने होतो. समुद्राची खोली, जहाजाची खोली, तरंगणारं जहाज पाण्यात जेवढं खाली असतं ती खोली, तिन्हींना मुलं हाच शब्द लावतात. डेप्थ हे जहाजाच्या अंगाचं माप आहे. ते कीलपासून (जहाजाच्या तळाच्या कण्यापासून) डेकपर्यंत, मध्यावर, बाजूला मोजतात. ड्राफ्ट म्हणजे पाण्याच्या रेषेपासून कीलपर्यंतचा बुडीत भाग. पाण्याच्या वर डेकपर्यंत उरतो तो फ्रीबोर्ड. पटत नसेल तर बेलापूरजवळ दिवाळे कोळीवाड्यात ओहोटीला जाऊन उभे राहा. होडी चिखलावर टेकलेली दिसेल. तिच्याखाली पाणी नाही, म्हणून ड्राफ्टही नाही. डेप्थ मात्र भरतीच्या वेळी होती तेवढीच आहे. मी प्रत्येक बॅचला हे एकदा तिथे नेऊन दाखवतो. फळ्यावर दहा वेळा काढून जे कळत नाही ते तिथे कळतं.

दुसरी चूक महागात पडते. जहाजाच्या अंगावरचे मीटरमधले ड्राफ्टचे आकडे 10 सेंटीमीटर उंच असतात आणि दोन आकड्यांमध्ये 10 सेंटीमीटर जागा मोकळी असते. वाचायची ती आकड्याची खालची कड. दहा मीटरच्या वरचा ‘4’ घ्या. पाणी त्याच्या तळाला असेल तर ड्राफ्ट 10.4 मीटर, डोक्याला असेल तर 10.5.

मुंबई बंदराबाहेर नांगरलेल्या एका बल्क कॅरियरवरून (सुटा माल नेणाऱ्या जहाजावरून) बार्जमध्ये कोळसा उतरवला जात होता. सुरुवातीचे ड्राफ्ट मी स्वतः वाचले होते. शेवटच्या वाचनाला हाताखालचा नवा मुलगा लाँच घेऊन गेला. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंना, अशी सहा वाचनं करून तो दहा मिनिटांत परत आला. सहाही वाचनं एकमेकांशी जुळत होती, म्हणून मलाही शंका आली नाही. त्याने सगळीकडे आकड्याची वरची कड धरली होती, म्हणजे ड्राफ्ट खऱ्यापेक्षा 10 सेंटीमीटर कमी लिहिला. चूक सहाही ठिकाणी सारखीच, म्हणून ती दिसेना. पाण्याच्या रेषेवर त्या जहाजाचं क्षेत्रफळ साधारण 5,000 चौरस मीटर होतं. म्हणजे ड्राफ्टच्या एका सेंटीमीटरला सुमारे 51 टन वजन, आणि 10 सेंटीमीटरला पाचशेवर टन. बार्जच्या हिशेबापेक्षा एवढा कोळसा जास्त उतरल्याचं दिसायला लागलं. भांडण सुरू झालं, बार्ज खोळंबले, आणि आम्ही पुन्हा लाँचमध्ये उतरलो.

तेव्हापासून माझा नेम असा: लाँच अगदी आकड्याजवळ न्यायची, लाटेचा चढ आणि उतार दोन्ही बघून मधलं माप धरायचं, प्रत्येक ठिकाणी तीनदा वाचायचं, आणि वहीत आकड्याचं चित्र काढून पाण्याची रेघ मारायची. हल्ली मुलं डेकवरून वाकून मोबाइलवर फोटो काढतात आणि झूम करून वाचतात. वरून तिरकं बघून पाण्याची रेघ नीट कळत नाही. माझ्याबरोबर असताना ते चालत नाही.

लांबीचं थोडक्यात सांगतो. एलओए (लेंग्थ ओव्हरऑल) म्हणजे टोकापासून टोकापर्यंत, पुढचा बल्ब (पाण्याखालचा फुगवटा) धरून. धक्क्यावर जागा ठरवायला ती लागते. एलबीपी (लेंग्थ बिटवीन पर्पेंडिक्युलर्स) म्हणजे दोन लंबांमधली, म्हणजे ठरलेल्या दोन उभ्या रेषांमधली लांबी. पुढचा लंब समर लोड लाइन (उन्हाळ्यासाठी ठरलेली भरण्याची कमाल रेषा) नाळेला, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, छेदते तिथे, आणि मागचा सहसा सुकाणूच्या दांड्याच्या मध्यावर. ‘मिडशिप’ म्हणजे एलबीपीचा मध्य. ब्लॉक कोएफिशंट म्हणजे बुडीत घनफळाला लांबी, रुंदी आणि ड्राफ्टच्या गुणाकाराने भागून येणारा आकडा. तो काढताना एलओए घातली की काय होतं बघा. एलबीपी 182, रुंदी 32, ड्राफ्ट 12.5 मीटर आणि बुडीत घनफळ 60,000 घनमीटर असेल, तर उत्तर 0.82 येतं. 190 मीटरची एलओए घातली की 0.79. जहाज तेच, कागदावर उगाच सडपातळ झालं.

ग्रॉस टनेज हे वजन नाही. 1969 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ते बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढतात आणि त्याला एकक नसतं. जहाजाचं मालासकट एकूण वजन हवं असेल तर डिस्प्लेसमेंट विचारा. माल, इंधन, पाणी वगैरे किती पेलेल हे हवं असेल तर डेडवेट.

लिस्ट आणि हील म्हणजे जहाज एका बाजूला कलणं: लिस्ट आतल्या वजनाने येते, हील वाऱ्याने किंवा वळणाने, आणि ट्रिम म्हणजे पुढच्या-मागच्या ड्राफ्टमधला फरक.

‘मोल्डेड’ रुंदीत बाजूच्या पत्र्यांची जाडी धरत नाहीत. जहाजावर रंगवलेला ड्राफ्ट मात्र कीलच्या खालच्या कडेपासून असतो, म्हणून ड्राफ्टवरून वजन काढायचं कोष्टक उघडलं की ते मोल्डेड ड्राफ्टसाठी (कीलच्या पत्र्याची जाडी सोडून) आहे का हे आधी बघायचं.

आणि पाण्याची घनता कधी गृहीत धरू नका. पुस्तकात समुद्राला 1.025 टन प्रति घनमीटर लिहिलेलं असतं, पण पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी मिसळतं आणि तेच जहाज थोडं जास्त बुडतं. हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) आणि पाण्याचा नमुना घ्यायची बादली मी जहाजावर मागत नाही, पिशवीतून घेऊन जातो.