माणदेशी बांधाला करवंदाचं कुंपण

मे महिन्यात पसरणी घाटात किंवा पाटणच्या बाजूला करवंदं घेतली, तर खाऊन बिया फेकू नका. माण, खटाव, आटपाडी, जतच्या मुरमाड बांधावर तारेपेक्षा स्वस्त कुंपण यातूनच उभं राहतं.

मात्र बी ताजंच लावायचं. वाळवून डब्यात ठेवलं की त्याची उगवण झपाट्यानं घटते, म्हणून पुढच्या वर्षासाठी साठवण्यात अर्थ नाही. पूर्ण काळं, पिकलेलं फळ घ्या, गर चोळून बिया धुवा, सावलीत जरा सुकवा आणि लगेच पिशवीत लावा. माती, वाळू, शेणखत सारखं घ्या. पिशवीला खाली भोकं हवीतच, कारण या झाडाला पाणी कमी पडण्यापेक्षा पाणी साचण्याचा त्रास जास्त. रोपं सुरुवातीला फार हळू वाढतात. घाई नको. पुढच्या पावसाळ्यात, वीतभर झाली की बांधावर दोन-तीन फुटांवर लावा.

पहिले दोन उन्हाळे मात्र थोडं पाणी आणि शेळ्यांपासून राखण, दोन्ही लागतं. मुळं खोल गेली की पावसावर भागतं. काटे जोडीनं येतात, छाटणी केली की फांद्या दाट होतात आणि मग गुरं आत शिरत नाहीत.

लोणच्याला कच्ची फळं काढताना हाताला तेल लावा. चीक नुसत्या पाण्यानं निघत नाही.