फिरत्या पाण्यातून फुकट वीज? या चुका टाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या लेथवाल्याकडे वर्षाकाठी एखादा तरी जण रोटर, म्हणजे मोटरवर फिरणारा पोकळ ड्रम, कातून घ्यायला येतोच. आत पाणी नाहीतर तेल भरायचं, एकदा वेग धरला की मोटर काढायची आणि मग वीजच वीज, असा बेत. मीही त्यातलाच. तीन पावसाळे माझ्या बाल्कनीत असा ड्रम फिरलाय, त्यामुळे टिंगल करायचा हक्क मला नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावून अँपिअर दाखवणारा. सिंगल फेज मोटर रिकामी फिरतानाही भरपूर अँपिअर ओढते, कारण तेव्हा पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरमधला खऱ्या वॅटचा वाटा) अगदी कमी असतो. लोड लावला की वॅट झपाट्याने वाढतात, अँपिअरचा आकडा मात्र जेमतेम हलतो. बघणाऱ्याला वाटतं, लोड फुकटात चालला! व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नव्हेत. फ्रिजसकट घरातलं बाकी सगळं बंद करा आणि महावितरणच्या मीटरवरच्या दिव्याची लुकलुक मोजा. मीटरवर युनिटला ३२०० इम्पल्स लिहिलं असेल, तर मिनिटाला १६ म्हणजे ३०० वॅट. रोटरची ताकद मोजायला पुलीवर पट्टा आणि दोन स्प्रिंगकाटे पुरतात. दिवा किती लख्ख पेटला हे मोजमाप नाही.

दुसरी चूक जास्त गोड आहे: केंद्रोत्सारी दाब, म्हणजे फिरण्यामुळे कडेला रेटलेल्या पाण्याचा दाब, फुकटचा समजणं. १५ सेंटिमीटर त्रिज्येचा रोटर १४४० आरपीएमला (मिनिटाला १४४० फेरे) फिरवला की कडेला अडीच बार दाब मिळतो, म्हणजे आठ मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीइतका. माझेही डोळे चमकले होते. पण मधून कडेला जाणाऱ्या प्रत्येक किलो पाण्यामागे मोटरला सुमारे ५१० ज्यूल खर्चावे लागतात. त्यातले निम्मे दाबात दिसतात, निम्मे पाण्याच्या वेगात लपतात. पाणी बाहेर सोडणारे कडेचे नोझल फिरण्याच्या उलट दिशेला वळवून दोन्ही परत घेतले तरी फार तर बरोबरी, तीही घर्षण धरलंच नाही तर. आणि धरावं लागतंच. ‘आरपीएम कमी पडतोय’ म्हणून वेग दुप्पट केलात, तर घर्षणात जाणारी ताकद साधारण आठपट होते.

इथे कुणीतरी संशोधक निकोला टेस्लाचं नाव काढतोच. त्याच्या बिनपात्यांच्या टर्बाइनला १९१३ मध्ये पेटंट मिळालं हे खरं, पण तिला वाफ किंवा हवा दाबाने बाहेरूनच पुरवावी लागते. बनवायला मात्र सुंदर यंत्र आहे, जरूर बनवा. फुकट ऊर्जेचं पेटंट मागायला जाणार असाल तर आपल्या १९७० च्या कायद्याचं कलम ३(अ) आधी वाचा. निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेला दावा तिथे शोधच मानत नाहीत.

‘मोटर बंद केली तरी दिवा चालूच!’ असणारच. तेवढ्याच रोटरमध्ये त्याच वेगाने १० लिटर पाणी फिरत असेल तर सुमारे १३०० ज्यूल साठलेले असतात. ९ वॅटचा एलईडी हिशोबाने दोन मिनिटं चालतो. तासभर चालवून दाखवा, मग बोलू. पाणी कोमट झालं असेल तर हरवलेले वॅट तिथे सापडतील.

पीव्हीसी पाइपचा रोटर नको, तो तडकून उडतो. पाण्याजवळ मोटर म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच, आणि भोवती पत्र्याची जाळी. माझ्या ड्रमचं झाकण एकदा सुटलं, ते दोरीवरच्या ओल्या चादरीत अडकलं. चादर फाटली. जाळी मी दुसऱ्या दिवशी बसवली.