पेपर अर्धा राहतो की वाचताच येत नाही? लिहिताना या चुका टाळा

‘दुष्काळात जनावरे मुकेने मेली.’

उत्तरपत्रिका तपासताना हे वाक्य मी दोनदा वाचलं, तेव्हा कुठे लक्षात आलं की पोराने ‘भुकेने’ लिहिलंय. वेळ संपत आली असणार. त्याने शब्दावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली आणि भचा म झाला. इथे संदर्भ होता म्हणून निभावलं. तेच एखाद्या गावाचं किंवा माणसाचं नाव असतं, तर तपासणाऱ्याने काय समजायचं?

परीक्षेच्या तोंडावर पालक एकच तक्रार घेऊन येतात, ‘याचा स्पीड वाढवायचाय.’ मग पोरगं हात जोरात चालवायला लागतं, आणि आधी जे निदान वाचता येत होतं तेही येईनासं होतं. माझा अनुभव असा की हात जोरात चालवून वेग फारसा वाढत नाही. पेन कागदावरून उचलायचं प्रमाण कमी केलं की वाढतो. आणि सगळं अक्षर सुधारायची गरजही बहुतेकांना नसते. चार-पाच अक्षरं आणि एक रेघ, एवढ्यावर काम भागतं.

न मोजताच उपाय सुरू करणं

आधी दोन चाचण्या घ्या. पुस्तकातला कुठलाही उतारा दहा मिनिटं उतरवून काढा आणि शब्द मोजा. दुसऱ्या दिवशी पाठ असलेल्या प्रश्नाचं उत्तर दहा मिनिटं लिहा आणि तेही मोजा. दोन्ही आकडे कमी आले तर अडचण हाताची. उतरवताना भराभर आणि उत्तर लिहिताना रखडत, असं असेल तर हाताचा काही दोष नाही. पुढचं वाक्य सुचत नाही म्हणून पेन थांबतंय. अशा मुलाला नवं पेन आणून देऊन काय होणार? त्याला उत्तराचे मुद्दे आधी समासात टिपायची सवय लावावी लागते.

आता ते दोन्ही कागद दोन दिवसांनी कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. आईला नको, तिला तुमच्या अक्षराची सवय झालेली असते. शेजारच्या काकांना द्या. ते जिथे अडखळतील तिथे पेन्सिलीने टिंब करा. टिंबं पानभर विखुरलेली दिसतील, पण नीट पाहिलंत तर तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा सापडतील.

दुसऱ्याच्या वेगाशी तुलना

दहावीचा मराठीचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटं. २०२३ पासून मंडळ शेवटी दहा मिनिटं जादा देतं. एवढ्या वेळात पेपर राहिला तर बहुधा पहिल्या दोन प्रश्नांवर जास्त वेळ गेलेला असतो.

स्पर्धा परीक्षेचं गणित वेगळं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका पेपरला वीस प्रश्न असतात. दहांची मर्यादा दीडशे शब्द, दहांची अडीचशे. सगळं पूर्ण लिहायचं तर १८० मिनिटांत ४००० शब्द, म्हणजे मिनिटाला बावीस, तेही विचार करायला एक क्षण न थांबता. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली. हा बदल पुढे ढकलावा म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती, ती उगाच नाही. वर्षानुवर्षं पर्यायांचे गोल काळे करणाऱ्या हाताला तीन तास सलग लिहायला सांगितलं की दुसऱ्या तासाला अंगठा बोलायला लागतो.

मात्र इंग्रजीत लिहिणाऱ्या मित्राचा मिनिटाचा आकडा ऐकून घाबरू नका. आपण ‘घरासमोरच्यांनाही’ लिहितो तो एकच शब्द मोजला जातो, इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतील. शब्द मोजायचेच तर स्वतःचे मागच्या आठवड्याचे आणि या आठवड्याचे मोजा.

शिरोरेघेचा घोळ

माझ्या मते निम्मी दुखणी या एका रेघेत आहेत.

काही मुलं प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ देतात. ‘महाराष्ट्रातल्या’ या एका शब्दासाठी सहा रेघा, सहादा पेन वर-खाली. पानभर असं केलं तर किती वेळ नुसता हवेत जातो, बघा. दुसरा गट रेघ देतच नाही. वेळ वाचतो हे खरं, पण शब्द कुठे संपला हे आपल्याला रेघच सांगत असते. ती काढून टाकली की ‘ती नदीवर’ आणि ‘तीन दीवर’ यांत फरक उरत नाही. रेघ सोडायचीच असेल तर दोन शब्दांमध्ये निदान एका अक्षराची मोकळी जागा ठेवा. घाईत नेमकी तीच आधी जाते.

तिसरा गट ‘मुकेने’वाल्याचा: सगळा शब्द लिहून झाल्यावर वरून एकच रेघ. वेगाच्या दृष्टीने ही पद्धत सगळ्यांत चांगली आणि मी हीच शिकवते. फक्त भ, ध आणि थ यांच्या डोक्यावर रेघ तुटली पाहिजे. नाही तर ‘धार’ची ‘घार’ होऊन उडून जाते आणि ‘भान’ला ‘मान’ मिळतो. रेघ तोडायचं भान घाईत राहत नसेल तर दुसरी युक्ती करा. भ आणि ध यांच्या सुरुवातीचं वळण मुद्दाम मोठं, गोल काढा. मग वरून रेघ गेली तरी अक्षर ओळखू येतं.

जुन्या कारकुनांनी हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला होता. मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ ओढून ठेवायची आणि मग पेन शक्य तितकं कमी उचलत खाली अक्षरं लटकवत जायचं. वेग जबरदस्त. आज ती कागदपत्रं वाचायला वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, हा भाग सोडा.

फसवणारी अक्षरं आणि आकडे

ख लिहिताना रचं शेपूट खालून वला जोडलं नाही की ‘खाना’ थेट ‘रवाना’ होतो. बच्या पोटातली तिरकी रेघ राहिली की ‘बाई’ची ‘वाई’ होते आणि भूगोलाच्या पेपरात त्याला वेगळाच अर्थ येतो. षचंही तेच, रेघ गेली की प.

वेलांट्यांमध्ये एक चलाखी दिसते. ऱ्हस्व की दीर्घ याची खात्री नसली की मुलं मधोमध एक टोपी काढून ठेवतात, तपासणाऱ्याने हवी ती समजावी म्हणून. आम्ही शुद्धलेखनाची चूकच समजतो.

रफार आणि अनुस्वार ओळ संपल्यावर एकदम देणारे बरेच असतात. तोवर कुठला रफार कुणाचा हे त्यांनाही आठवत नाही आणि ‘सूर्य’चा रफार शेजारच्या शब्दावर जाऊन बसतो. शब्द संपला की रेघ ओढा आणि त्याच दमात वरची चिन्हं देऊन पुढे सरका.

आकड्यांची चूक सेमी-इंग्रजीतल्या मुलांची खास. अर्धे आकडे देवनागरीत, अर्धे इंग्रजीत. आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि आपला ५ इंग्रजी चारसारखा. इतिहासाच्या उत्तरात असं मिसळलेलं साल आलं की शतकच बदलतं. पेपरभर एकच पद्धत ठेवा, कुठलीही चालेल.

पेन आवळून धरणं

लिहिलेल्या पानाच्या मागून बोट फिरवा. उंचवटे हाताला लागत असतील तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त दाब देताय. अंगठ्याचं नख पांढरं पडतंय का तेही बघा. पेन टोकापासून थोडं मागे धरा, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात बाकावर टेकवा. ओळी खाली जातील तसा हात खाली न ओढता कागद वर सरकवा. परीक्षा केंद्रातले बाक अरुंद असतात, कोपर अधांतरी राहतं. म्हणून सराव अधूनमधून अरुंद टेबलावरही करा, नेहमी पलंगावर लोळून नको.

डावखुऱ्यांनी कागद उजवीकडे कलता ठेवावा, म्हणजे हात ओल्या शाईवरून घासत जात नाही. पेन जेल की बॉल, यावर मी वाद घालत नाही. जे तीन आठवडे वापरलंय तेच न्या. मामाने शुभेच्छा म्हणून दिलेलं नवंकोरं पेन निकालानंतर वापरा.

कित्ता गिरवत बसणं

सुट्टीत दुरेघी वही आणून मोत्यासारखं अक्षर काढायचा सराव करतात. वहीत अक्षर सुरेख येतं आणि पेपरात पुन्हा मूळपदावर जातं, कारण सावकाश लिहिण्याचा सराव सावकाशच लिहायला शिकवतो. त्यापेक्षा रोज वीस मिनिटं द्या. पहिली पाच मिनिटं फक्त तुमच्या टिंबवाल्या अक्षरांचे शब्द. मग आठ ओळींचा एकच उतारा घड्याळ लावून तीनदा: एकदा सवयीच्या वेगाने, एकदा मुद्दाम घाईने, आणि पुन्हा सवयीच्या वेगाने. तिसऱ्या वेळचा आकडा बऱ्याचदा पहिल्यापेक्षा चांगला येतो, आणि घाईतली वेडीवाकडी अक्षरंही त्यात सावरलेली असतात.

आठवड्यातून एकदा पूर्ण तीन तास लिहा. हात तिसऱ्या तासाला खरा स्वभाव दाखवतो. पहिलं आणि शेवटचं पान शेजारी शेजारी ठेवा, काय कोसळलंय ते दिसेल. परीक्षेला तीन आठवडे उरले की मात्र अक्षराचं वळण बदलू नका.

सजावटीत गेलेला वेळ

पट्टी काढून प्रत्येक मुद्दा अधोरेखित करणं, दोन रंगांची पेनं, चौकटी. हे सगळं पेपर पूर्ण झाल्यावर वेळ उरला तर. चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ पुरते. तो गिरगटून काळा केला की तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. दोन उत्तरांमध्ये दोन ओळी मोकळ्या सोडल्या तर अक्षराचे अर्धे दोष झाकले जातात.

आणि जी चूक नसतेच

एखादं मूल तोंडी छान उत्तरं देतं, पण महिनोन् महिने सराव करूनही अक्षरं उलटी येतात, ओळ सुटते, चार ओळींत हात दुखतो. त्याला आळशी म्हणू नका. लेखनातली अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अशा विद्यार्थ्यांना तासामागे वीस मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळू शकतो. त्यासाठी तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं, अर्ज शाळेमार्फत जातो, आणि या सगळ्यात महिने जातात. जानेवारीत धावपळ करून ते होत नाही. नववीतच शाळेत जाऊन विचारा.