उभ्या गाडीची बॅटरी उतरते? नवी घेण्याआधी हे मोजा

रात्री व्यवस्थित लॉक करून ठेवलेली गाडी सकाळी सेल्फ घेत नाही, नुसती टकटक करते. जम्प दिला की चालू होते आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण बॅटरीच बदलतात. पण वीज खाणारा दोष गाडीत तसाच राहिला, तर नवी बॅटरीही आठवड्याभरात बसते. म्हणून पैसे घालण्याआधी मोजमाप करा. त्यासाठी डीसी करंटचे १० अँपिअरचे वेगळे सॉकेट असलेला साधा डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना आणि एक मोकळी सकाळ एवढे पुरते.

सुरुवात टर्मिनलपासून. आम्लाच्या वाफेमुळे टर्मिनलवर पांढरा-हिरवट खार धरतो. गोव्यातल्या दमट हवेत, त्यातही जून ते सप्टेंबर आणि किनाऱ्याजवळ, बॅटरीच्या झाकणावर धूळ आणि ओल यांचा चिकट थर बसतो. हा थर स्वतःच थोडा थोडा करंट वाहून नेतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन निगेटिव्हला धरा आणि लाल पिन झाकणाच्या प्लास्टिकवरून फिरवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर झाकणावरून गळती होते आहे. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवा. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पण सोड्याचे पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका. पुसून कोरडे करा, जोडताना आधी पॉझिटिव्ह आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

आता बॅटरीची परीक्षा. चार्जरवर पूर्ण चार्ज करा. ३५ अँपिअर-अवरच्या (हे बॅटरीच्या साठ्याचे माप) बॅटरीला साडेतीन अँपिअरने साधारण १० ते १२ तास लागतात. खोली हवेशीर हवी, जवळ दिवा-उदबत्ती नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. मग निगेटिव्ह सोडवून रात्रभर ठेवा. सकाळी १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० च्या खाली जवळपास रिकामी. काहीही जोडलेले नसताना ती १२.४ च्या खाली आली, तर दोष बॅटरीतच आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले तरी बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू असताना मात्र १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो, म्हणून हेडलाइट लावून पुन्हा बघा. मिरामार ते पणजी मार्केट अशा छोट्याच फेऱ्या, त्याही एसी आणि वायपर लावून होत असतील, तर गाडीत दोष नसतानाही बॅटरी भरून निघत नाही.

बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही ठीक निघाले, तर उभ्या गाडीत काहीतरी वीज खाते आहे. ते शोधायला घाई चालत नाही. चावी काढून गाडीपासून लांब ठेवा. बोनेट उघडे राहू द्या. दार उघडे ठेवायचे असेल, तर त्याचे लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखे वाटते. निगेटिव्ह केबल काढा आणि केबल व बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडा. लाल पिन १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये, तिचे टोक सोडवलेल्या केबलला आणि काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला. या स्थितीत सेल्फ अजिबात मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. त्यावरून घाबरू नका, गाडीतले कंट्रोल युनिट (छोटे संगणक) झोपायला अर्धा-पाऊण तास घेतात. त्यानंतर २० ते ५० मिलिअँपिअर हे सर्वसाधारण. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे ३५ ची बॅटरी दोन आठवड्यांत अर्धी होणार. ४०० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ९.६. अशी गाडी दोन-तीन दिवसांत बंद पडते. डॅशबोर्डच्या कप्प्यातला किंवा डिकीतला ५ वॅटचा एक बल्ब विझला नाही, तरी एवढाच करंट जातो.

फ्यूज एकेक काढून बघायची जुनी पद्धत आहे, पण त्याने झोपलेले युनिट पुन्हा जागे होऊन गोंधळ होतो. त्यापेक्षा केबल परत जोडा, युनिट पुन्हा झोपू द्या, मीटरची लाल पिन व्होल्टच्या सॉकेटमध्ये घाला आणि फ्यूज न काढता त्याच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मीटर मिलिव्होल्टवर लावा. शून्य म्हणजे त्या वाटेने करंट नाही. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर ३ मिलिव्होल्ट दिसले, तर अंदाजे ४०० मिलिअँपिअर जातो आहे. फ्यूजबॉक्सच्या झाकणावरच्या नकाशात तो फ्यूज कशाचा ते बघा आणि त्या वाटेवरच्या एकेका वस्तूचे सॉकेट काढत जा.

सर्वांत जास्त वेळा सापडतात त्या बाहेरून बसवलेल्या वस्तू: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, अ‍ॅम्प्लिफायर, नवी स्टिरिओ. स्टिरिओची पिवळी तार कायमच्या वीजपुरवठ्याला आणि लाल तार चावीच्या वाटेला लागते. दोन्ही कायमच्या पुरवठ्यावर जोडल्या, तर स्टिरिओ कधीच झोपत नाही. कुठल्याच फ्यूजवर काही दिसले नाही, तर अल्टरनेटरचा डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) तपासा. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावा. बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी असला, तर डायोड गेला. अडकलेला रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) गरम लागतो, त्यामुळे हाताने कळतो. पावसाळ्यात उंदीर इंजिनाच्या उबेला येऊन तारा कुरतडतात, म्हणून इन्सुलेशनही नीट बघून घ्या.

बोटीवर किंवा परदेशी जाणाऱ्यांची गाडी महिनोन्महिने उभी असते. त्यांनी निघताना निगेटिव्ह काढून तिच्यावर कापड गुंडाळून ठेवावे, किंवा बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा मेंटेनन्स चार्जर लावावा. घरच्यांनी दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करून फारसे काही भरून निघत नाही. केबल परत जोडल्यावर घड्याळ लावून घ्या, काही गाड्यांत खिडक्यांच्या काचाही पूर्ण वर-खाली करून पुन्हा शिकवाव्या लागतात. स्टिरिओला कोड असेल, तर तो केबल काढायच्या आधीच शोधून ठेवा.