कॅन्सर रिसर्चमध्ये यायचंय? आधी रजिस्ट्रीत बसून बघा

पब्लिक हेल्थ झालंय, आता कॅन्सर रिसर्चमध्ये शिरायचंय, असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात लॅब आणि नवीन औषधं एवढंच असतं. सरकारी पैशावर चालणारं एक मोठं काम कुणाला आठवतच नाही, ते म्हणजे कॅन्सर रजिस्ट्री. मी तिथूनच सुरुवात केली आणि माझं तर मत आहे की स्टॅटिस्टिक्सच्या कोर्सच्या मागे लागण्याआधी थोडे महिने फाईली उपसाव्यात.

काम असं, की ठरलेल्या भागात राहणाऱ्या लोकांमधला प्रत्येक नवीन कॅन्सर शोधून नोंदवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण बायोप्सी एका हॉस्पिटलला, ऑपरेशन दुसरीकडे, रेडिएशन तिसरीकडे, नावाचं स्पेलिंग तीन प्रकारचं आणि वय प्रत्येक कागदावर वेगळं, म्हणजे बाई एकच पण लक्ष दिलं नाही तर केसेस तीन! मग पॅथॉलॉजी रिपोर्ट वाचून आयसीडी-ओ चा, म्हणजे कॅन्सरचे प्रकार नोंदवायच्या जागतिक यादीतला, कोड टाकायचा. ब्रेस्टच्या डक्टचा (दुधाच्या नळीचा) कॅन्सर आजूबाजूला पसरला असेल तर ८५००/३, डक्टच्या आतच असेल तर ८५००/२. तो शेवटचा आकडा चुकला की केस इन्व्हेझिव्हच्या (आजूबाजूला पसरलेल्या कॅन्सरच्या) आकडेवारीत येते किंवा गायब होते, आणि पुढे कुणीतरी त्याचाच ग्राफ काढून "प्रमाण वाढलं हो" म्हणतं.

ग्राफवरून आठवलं, दक्षिण कोरियाचं थायरॉइडचं उदाहरण नवीन माणसाने नीट समजून घ्यावंच. १९९९ मध्ये तिथे सरकारी स्क्रीनिंग सुरू झालं, त्यात थायरॉइड नव्हताच, पण थोडे जास्तीचे पैसे भरले की गळ्याची सोनोग्राफी पण व्हायची. १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान १५ पट झालं, मृत्यूचं प्रमाण मात्र जवळपास होतं तिथेच. म्हणजे आजार नाही वाढला, शोधणं वाढलं, आणि कित्येकांच्या ग्रंथी उगाच काढल्या गेल्या. त्यामुळे नुसता इन्सिडन्स (नवीन केसेसचं प्रमाण) बघून बोलू नका, शेजारी मॉर्टॅलिटी (मृत्यूचं प्रमाण) ठेवा. सर्व्हायव्हल, म्हणजे निदानानंतर माणूस किती जगला, ते तर अजूनच फसवं, निदान दोन वर्षं लवकर झालं की माणूस एक दिवसही जास्त न जगता सर्व्हायव्हल दोन वर्षांनी वाढलेलं दिसतं.

शिकायला खर्च फार नाही. अमेरिकेच्या एनसीआयचा (तिथल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा) सीअर हा रजिस्ट्रींचा प्रोग्रॅम १९७३ पासून डेटा गोळा करतोय, अर्ज करून, अटी मान्य करून तो वापरता येतो. ट्रेंड कुठे वळला ते बघायला त्यांचंच जॉइनपॉइंट, आणि रजिस्ट्री चालवायला आयएआरसीचं (डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेचं) कॅनरेग, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. एज स्टँडर्डायझेशन (वयाचा फरक काढून आकडे तुलनेला आणणं) एकदा तरी हाताने एक्सेलमध्ये करा, सॉफ्टवेअर काय करतंय ते तेव्हाच कळतं.

पगाराचं विचाराल तर बऱ्याच पोस्ट प्रोजेक्टवरच्या, ग्रांट संपली की पुढचं पत्र यायची वाट बघत बसायचं. घरचे विचारतात परमनंट कधी, त्याला उत्तर नाही.

आणि हो, इंटरव्ह्यूला गेलात तर तुम्हीच विचारा की तुमच्याकडे किती टक्के केसेस फक्त डेथ सर्टिफिकेटवरूनच कळतात. आकडा मोठा असेल तर समजा की पेशंट जिवंत असताना हॉस्पिटलांतून माहिती नीट येत नाहीये, आणि जॉइन झालात की ती आणायला बहुतेक तुम्हालाच पाठवतील.