जादूगाराला जादूगाराची चाहूल : घरचा नियम करताना या चुका टाळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत एखादा विझर्ड (पोथीतून जादू शिकलेला जादूगार) दुसऱ्या विझर्डच्या शेजारी बसून जेवला, तरी नियमांप्रमाणे त्याला काहीही जाणवत नाही. समोरच्याने मंत्र म्हणायला किंवा हातवारे करायला सुरुवात केली, तरच जादू चालली आहे हे उघड होते. अनेक खेळाडूंना हे कोरडे वाटते आणि ‘एका जादूगाराला दुसरा ओळखता आला पाहिजे’ असा घरचा नियम, म्हणजे गटाने आपल्यापुरता केलेला नियम, टेबलावर येतो. कल्पना चांगली आहे, मात्र ती बहुधा एका वाक्यात मंजूर होते आणि पुढची कितीतरी सेशन्स (खेळाच्या बैठका) त्या एका वाक्याशी झगडण्यात जातात. पुढे उल्लेखलेले आकडे, वेगळे सांगितले नसेल तिथे, २०१४ च्या नियमपुस्तकांतले आहेत.

नेमके काय जाणवते, हे न ठरवणे

बाकीच्या बहुतेक अडचणी या एका चुकीतून निघतात. डिटेक्ट मॅजिक हा पहिल्या पातळीचा मंत्र ३० फुटांच्या आत जादू आहे एवढे सांगतो. एक ॲक्शन (आपल्या पाळीत मिळणारी एक कृती) खर्च केली, तर जादू अंगावर असलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या प्राण्याभोवती किंवा वस्तूभोवती फिकट वलय दिसते आणि त्या जादूची शाखा कळते. समोरच्याला मंत्र येतात की नाही, हे तो मुळीच सांगत नाही. सकाळी मेज आर्मर हा संरक्षक मंत्र अंगावर घेऊन निघालेला नवशिका विझर्ड पुढचे आठ तास सहज सापडतो, अंगावर एकही मंत्र किंवा जादूची वस्तू नसलेला महापंडित निसटतो आणि जादूची तलवार बाळगणारा, अक्षरशत्रू शिपाई मात्र उजळून निघतो. मूळ नियम चालू असलेल्या जादूचा माग घेतात, माणसाच्या विद्येचा नाही. घरचा नियम ही रेषा ओलांडतो, म्हणून रेषेच्या पलीकडे काय आहे ते डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आधी लिहून ठेवले पाहिजे.

अंगभूत शक्ती जाणवते असे ठरवले, तर रक्तातच जादू असलेला सॉर्सरर ठळक जाणवायला हवा आणि पोथीतून शिकलेला विझर्ड जवळजवळ जाणवूच नये. म्हणजे ज्याच्यासाठी नियम केला, तोच त्यातून वगळला जातो. विद्या जाणवते असे ठरवले, तर वॉरलॉक (करारातून शक्ती मिळवणारा) आणि क्लेरिक (देवाकडून शक्ती मिळवणारा) यांचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. माझ्या मते सर्वांत कमी त्रासाचा पर्याय अवशेषाचा आहे : मागील दीर्घ विश्रांतीनंतर (साधारण रात्रीच्या झोपेनंतर) ज्याने कॅन्ट्रिपहून (हव्या तितक्या वेळा वापरता येणाऱ्या साध्या मंत्राहून) वरचा एखादा मंत्र वापरला असेल, त्याचीच चाहूल लागते. यात वर्गांचा (विझर्ड, क्लेरिक अशा पात्रप्रकारांचा) वाद संपतो आणि लपून राहू इच्छिणाऱ्याला एक खरा, महागडा मार्ग मिळतो : दिवसभर मंत्र न वापरणे. खलनायकाने तो मार्ग निवडला, तर दिवसभर त्याच्या हातून काय काय घडले नाही, यावरूनही चतुर खेळाडूंना संशय घेता येतो. कल्पनेला पूर्वपीठिकाही आहे. याच खेळाच्या जुन्या ३.५ आवृत्तीत मंत्र संपल्यावरही त्याचे वलय रेंगाळत असे. क्षीण वलय १ ते ६ राउंड (सहा-सहा सेकंदांच्या फेऱ्या) टिकायचे, तर प्रबळ वलय १० मिनिटांपासून तासाभरापर्यंत.

त्याच आवृत्तीत ‘समोरचा मंत्र टाकू शकतो का’ याचे थेट उत्तर देणारा आर्केन साइट नावाचा मंत्र होता. १२० फुटांच्या आतल्या एका व्यक्तीवर लक्ष केंद्रित केले, की तिच्याकडे जादू आहे का, ती आर्केन आहे की दैवी आणि तिच्यापाशी त्या घडीला उपलब्ध असलेला सर्वांत जोरदार मंत्र किती ताकदीचा आहे, हे त्यातून कळे. विझर्डसाठी तो तिसऱ्या पातळीचा होता आणि हे विचारायला स्टँडर्ड ॲक्शन द्यावी लागे. नियम रचणाऱ्यांनी ज्या माहितीची एवढी किंमत लावली, ती पहिल्या लेव्हलला फुकट वाटण्याआधी थोडे थांबावे.

आकडे न तपासता पॅसिव्ह आर्काना वापरणे

‘पॅसिव्ह आर्काना १५ असेल तर जाणवते’ (आर्काना हे जादूच्या ज्ञानाचे कौशल्य, तर पॅसिव्ह म्हणजे फासा न टाकता धरलेला गुण) हा सर्वांत जास्त आढळणारा मसुदा आहे आणि तो पहिल्याच सेशनला कोसळतो. इंटेलिजन्स १६ असलेल्या, आर्काना शिकलेल्या पहिल्या लेव्हलच्या विझर्डची बेरीज १० अधिक ३ (इंटेलिजन्सचा बोनस) अधिक २ (प्रोफिशिअन्सी बोनस, म्हणजे प्रावीण्याचा), म्हणजे बरोबर १५ होते. अशा विझर्डपुरता हा अडथळा नसल्यासारखाच आहे.

दुसरा मसुदा जास्त हुशार दिसतो : समोरच्याचा स्पेल सेव्ह डीसी (त्याच्या मंत्राला तोंड देताना फाशावर गाठावा लागणारा आकडा) गाठायचा. पण तो डीसी ८ पासून मोजला जातो आणि पॅसिव्ह गुण १० पासून. त्यामुळे सारख्या लेव्हलचे आणि सारख्या बुद्धीचे दोन विझर्ड समोरासमोर आले, तर जाणवून घेणारा नेहमीच दोनने पुढे असतो. यातला खरा सापळा मात्र मॉन्स्टर मॅन्युअल या तयार शत्रूंच्या पुस्तकात आहे. त्यातला आर्चमेज १८ व्या लेव्हलचे मंत्र टाकतो, पण त्याचा प्रोफिशिअन्सी बोनस चॅलेंज रेटिंगवरून (शत्रूच्या अवघडपणाच्या आकड्यावरून), म्हणजे १२ वरून ठरतो, म्हणून तो केवळ ४ आहे आणि त्याचा डीसी १७ भरतो. इंटेलिजन्स १८ असलेल्या पाचव्या लेव्हलच्या विझर्डचा पॅसिव्ह आर्काना १० अधिक ४ अधिक ३, म्हणजे १७ च येतो. कॅम्पेनचा (सलग चालणाऱ्या कथेचा) अंतिम खलनायक म्हणून योजलेला आर्चमेज अशा रीतीने पाचव्या लेव्हलला, दारातूनच ओळखला जातो.

उपाय म्हणून जाणवून घेणाऱ्याचा पॅसिव्ह गुण या नियमातून काढून टाकावा. जाणवून घेणाऱ्याने मुद्दाम एक ॲक्शन द्यावी, आर्कानाचा फासा टाकावा आणि समोरच्याने डिसेप्शनने (फसवण्याच्या कौशल्याने) किंवा स्वतःच्या आर्कानाने उत्तर द्यावे. बरोबरी झाली, तर लपणाऱ्याचा विजय मानावा. समोरचा बेसावध असेल, तर त्याच्याकडून फासा टाकवू नये, त्याचा पॅसिव्ह गुण धरावा.

चाहूल फुकट, सतत आणि अचूक ठेवणे

डिटेक्ट मॅजिकसाठी एक स्लॉट (मंत्र टाकण्याच्या मोजक्या संधींपैकी एक) जातो किंवा रिच्युअल (संथ विधी) केल्यास १० मिनिटे जास्त लागतात, शिवाय पूर्ण वेळ एकाग्रता राखावी लागते. पॅलॅडिनचा (धर्मयोद्ध्याचा) डिव्हाइन सेन्स ६० फुटांपर्यंत चालतो, पण दीर्घ विश्रांतीपर्यंत तो १ अधिक करिझ्मा मॉडिफायर इतक्याच वेळा वापरता येतो आणि त्यातून दैवी, सैतानी किंवा मृतवत प्राणी आणि पवित्र किंवा भ्रष्ट केलेल्या जागा-वस्तूच कळतात. विझर्डला याच पल्ल्याची, कधीही न संपणारी जाणीव दिली, तर पॅलॅडिन खेळणाऱ्याने गप्प राहणे हा त्याचा सभ्यपणा समजावा. लहान विश्रांतीमागे एकदा, ३० फूट, एवढे पुष्कळ झाले.

अचूकतेचा दोष वेगळाच आहे. ‘हा माणूस नवव्या लेव्हलचा विझर्ड आहे’ असे डीएमने सांगून टाकले, की संशय, पाळत, चौकशी असा सगळा भाग एका क्षणात निकालात निघतो. जाणिवेने प्रश्न निर्माण करावा. ३.५ मधला डिटेक्ट मॅजिक पहिल्या राउंडला केवळ अस्तित्व, दुसऱ्याला वलयांची संख्या आणि त्यांतल्या सर्वांत प्रबळ वलयाची ताकद, तर तिसऱ्याला प्रत्येक वलयाची जागा सांगत असे. हा टप्प्याटप्प्याचा साचा घरच्या नियमात जसाच्या तसा बसतो. ‘या दालनात कुणीतरी आज जादू वापरली आहे’ एवढे पहिल्या यशाला द्यावे आणि पुढचे मिळवायला खेळाडूला तिथेच थांबण्याचा धोका पत्करायला लावावा.

चाहूल एकतर्फी ठेवणे

खेळाडूंना चाहूल लागते आणि एनपीसींना (डीएम चालवतो त्या पात्रांना) लागत नाही, अशी सोय अनेक टेबलांवर नकळत होते, कारण डीएमला आठवण राहत नाही. मोठ्या फरकाने अपयश आले, समजा ५ किंवा अधिकने, तर समोरच्यालाच चाहूल लागावी. एवढ्या एका कलमाने नियमाला धार येते आणि प्रत्येक दुकानदारावर फासा टाकण्याची सवय आपोआप सुटते.

१९८७ मध्ये आलेल्या आर्स मॅजिका या खेळात तर ओझे जादूगाराच्याच शिरावर असते. तिथल्या जन्मजात देणगीमुळे सामान्य माणसे आणि जनावरे अस्वस्थ होतात, संशयाने पाहतात. एकमेकांवर तसा परिणाम होऊ नये म्हणून जादूगार पार्मा मॅजिका नावाच्या संरक्षणाचा आधार घेतात. लोकांना कारण कळत नाही, नकोसे मात्र वाटते. एखाद्या गावात कुत्री फक्त आपल्या विझर्डवर भुंकतात, हा तपशील कोणत्याही डीसीपेक्षा जास्त काम करतो.

आडोसे आणि बचाव विसरणे

आडोशांसाठी नवे कोष्टक बनवण्याची गरज नाही. डिटेक्ट मॅजिकला १ फूट दगड, १ इंच साधा धातू, शिशाचा पातळ पत्रा किंवा ३ फूट लाकूड अथवा माती अडवते, तेच घ्यावे. बचावाच्या मंत्रांबाबत मात्र स्पष्ट निर्णय लागतो, कारण नॉनडिटेक्शन आणि माइंड ब्लँक हे भविष्यज्ञान शाखेच्या जादूला रोखतात आणि आपली घरची चाहूल हा मंत्रच नाही. शब्दाला चिकटून राहिले, तर नॉनडिटेक्शनसाठी २५ सुवर्णमुद्रांची हिरेपूड खर्च करणाऱ्याला काहीच मिळणार नाही. हे दोन्ही मंत्र चाहुलीलाही थोपवतात असे सरळ जाहीर करावे. सॉर्सररच्या सटल स्पेलचे तसे नाही. तो शब्द आणि हातवारे लपवतो, अवशेष पुसत नाही.

नियम आधीच हाताबाहेर गेला असेल तर

चालू कॅम्पेनमध्ये नियम नव्याने आणताना पहिला प्रश्न हा येतो, की सहा महिने पार्टीबरोबर (खेळाडूंच्या पात्रांच्या गटाबरोबर) वावरणारा लपलेला विझर्ड आजवर का जाणवला नाही. त्यावर प्रत्येक खलनायकाच्या बोटात शिशाची अंगठी घालण्याचा मोह टाळावा. खेळाडू दुसऱ्याच अंगठीला हसू लागतात. चाहूल ही शिकावी लागणारी कला आहे असे ठरवावे, ती शिकवणारा एखादा गुरू कथेत आणावा आणि शिकण्यासाठी दोन मोहिमांमधला रिकामा काळ खर्च करायला लावावा.

सोबत्यांच्या जादूचा गोंगाट हीदेखील नेहमीची तक्रार आहे. पार्टीत बार्ड (गाण्यातून जादू करणारा) आणि विझर्ड दोघे असतील, तर ओळखीच्या माणसाची चाहूल गाळली जाते असे मानावे, पण गर्दीत किंवा लढाईनंतर लगेच शोध घेतल्यास फासा डिसॲडव्हान्टेजने (दोनदा टाकून कमी आकडा धरून) टाकायला लावावा. आणि नियम दिल्यावर तो सौम्य करायचा झाला, तर सेशनच्या मध्ये करू नये. ज्या खेळाडूने त्याच्या भरवशावर एखादे फीट (खास क्षमता) किंवा आर्कानाचे कौशल्य निवडले असेल, त्याला आधी ते बदलून घेऊ द्यावे.